पडद्याकडे पाठ

खोलीतले दिवे मालवले तेव्हा मॅडमनी मला पुढच्या रांगेतून उठवलं आणि पडद्याच्या कडेला ठेवलेल्या स्टुलावर बसवलं. तोंड प्रेक्षकांकडे, पाठ पडद्याकडे. "फिल्म तू शंभरदा बघितली आहेस," त्या हळूच म्हणाल्या, "आज बघणाऱ्यांना बघ."

माझी पहिलीच फिल्म, सात मिनिटांची. नोकरी गेलेला एक पन्नाशीचा माणूस मुलाखतीला निघण्याआधी बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून बोलण्याची तालीम करतो, एवढीच गोष्ट. "मला या कामाची गरज आहे," हे वाक्य तो तीनदा म्हणतो. पहिल्यांदा ताठ मानेनं, दुसऱ्यांदा जरा आर्जवानं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटतो. त्या तिसऱ्या वेळचा क्लोज-अप मी अकरा सेकंद तसाच ठेवला होता. एडिट करताना रात्ररात्र त्या अकरा सेकंदांशी झटले होते. नऊ केले की घाई वाटायची, तेरा केले की रेंगाळल्यासारखं.

स्टुलावरून मला चाळीसेक चेहरे दिसत होते. पडद्यावरचा उजेड त्यांच्यावर पडत होता, आणि मागे वळून न बघताही कोणता शॉट चालू आहे ते मला त्या उजेडावरून कळत होतं. फरशा आल्या की सगळे चेहरे निळसर व्हायचे, खिडकी आली की उजळायचे. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचे ओठ नटाबरोबर हलत होते. एकाची मान मोबाईलकडे झुकली होती, ती "मला या कामाची" एवढं ऐकताच वर आली. मग तिसरी वेळ आली. आवाज फाटला. आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. तोंडातल्या तोंडात नव्हे, चांगलं मोठ्यानं.

माझ्या पोटात खड्डा पडला. फिल्म संपेपर्यंत मी मग कुणाचाच चेहरा नीट बघितला नाही.

माध्यमांचा अभ्यास करायला आले तेव्हा गोष्ट सांगणं म्हणजे नीट बांधलेलं पार्सल पोचवणं, अशी माझी समजूत होती. आत काय भरायचं ते मी ठरवणार, समोरच्यानं उघडून तेवढंच बाहेर काढायचं. पहिल्या सत्रात फळ्यावर आलेल्या एका आकृतीनं ती आणखी पक्की केली. पाठवणारा, निरोप, वाहिनी, घेणारा, आणि मधे कुठूनतरी घुसून निरोप बिघडवणारा 'नॉइज'. ही क्लॉड शॅननची आकृती, १९४८ ची. तो टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला माणूस. सिग्नल कमीत कमी बिघडून पलीकडे कसा पोचेल, हा त्याचा प्रश्न. निरोपाचा अर्थ काय, याच्याशी या प्रश्नाचा संबंध नाही, हे त्यानं लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आपण मात्र ती आकृती उचलली आणि माणसांना लावली. त्या हिशेबानं मागच्या रांगेतलं हसू म्हणजे नॉइज. माझा निरोप बरोबर होता, तार खराब होती. त्या रात्री मी स्वतःची अशीच समजूत घालत होते आणि ती काही पटत नव्हती.

पटणार कशी? त्याच वर्षी आम्हाला एक जुनी, अगदी छोटी ॲनिमेशन फिल्म दाखवली होती. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातली. तिच्यात एक मोठा त्रिकोण आहे, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ, आणि उघडझाप होणारं दार असलेला एक चौकोन. बाकी काही नाही. ना चेहरा, ना आवाज, ना रंग. काय दिसलं ते लिहा म्हटल्यावर त्यांच्या पहिल्या गटातल्या ३४ जणांपैकी एकानंच काय ते भूमितीच्या भाषेत उत्तर दिलं. बाकीच्या सगळ्यांना सजीव पात्रं दिसली होती, त्यांची भांडणं आणि पळापळ दिसली होती.

आमच्या वर्गातही तोच प्रयोग झाला. माझी वही अजून माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय, "मोठा त्रिकोण दादागिरी करतोय. वर्तुळ घाबरून घरात शिरलंय. छोटा त्रिकोण तिला वाचवायला येतो." मॅडमनी त्या 'तिला' खाली रेघ मारली. वर्तुळ आपल्या भाषेत नपुंसकलिंगी. आधीच्या वाक्यात मी 'शिरलंय' असं बरोबर लिहिलं होतं आणि पुढच्याच वाक्यात वर्तुळाची बाई करून टाकली होती. पडद्यावर तसं काहीही नव्हतं. शेजारच्या मुलानं लिहिलं होतं की मोठा त्रिकोण ही आई आहे, मुलं उशिरा घरी आली म्हणून चिडलेली. एकाच बाकावर बसून आम्ही दोघांनी दोन वेगळ्या फिल्म पाहिल्या होत्या, आणि त्या दोन्ही त्या तीन आकारांत होत्या असंही म्हणता येत नाही.

कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याला वेगवेगळी चित्रं जोडली, कुठे शवपेटी, कुठे सूपची बशी, आणि लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी दुःख दिसलं, कधी भूक. तो सांगताना भर नेहमी एडिटिंगच्या ताकदीवर असतो. मला आता वाटतं, ती बघणाऱ्याची ताकद आहे. जोडकाम त्यानं केलं, एडिटरनं फक्त जागा सोडली.

हे कळायला मला जो वेळ लागला त्याला एक कारण आहे. आमच्या विषयात प्रेक्षकाला भोळा समजण्याची फार जुनी खोड आहे. दोन गोष्टी तर हमखास सांगितल्या जातात. ल्युमिएर बंधूंच्या पडद्यावर आगगाडी आली आणि लोक जिवाच्या आकांतानं पळत सुटले, ही एक. दुसरी, ३० ऑक्टोबर १९३८ च्या संध्याकाळी ऑर्सन वेल्सनं अमेरिकेत रेडिओवर मंगळवासीयांच्या स्वारीचं नाटक बातम्यांच्या ढंगात सादर केलं आणि सारा देश घाबरून रस्त्यावर आला. दोन्ही मी पूर्वी रंगवून सांगत असे. मग एका असाइनमेंटसाठी तपासायला बसले.

आगगाडीची ती जेमतेम पन्नास सेकंदांची फिल्म २८ डिसेंबर १८९५ च्या, ल्युमिएर बंधूंच्या पॅरिसमधल्या पहिल्या तिकीट लावलेल्या खेळात नव्हतीच. ती नंतर दाखवली गेली, आणि ती बघून लोक पळाले याचा त्या काळातला भरवशाचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. रेडिओची हकीकत त्याहून बोलकी. त्या संध्याकाळी एका पाहणी करणाऱ्या कंपनीनं नेहमीप्रमाणे सुमारे ५,००० घरांत फोन करून काय ऐकताय असं विचारलं होतं. हे नाटक ऐकणारे निघाले दोन टक्के. म्हणून कुणीच घाबरलं नाही असं नाही. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञानं घाबरलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९४० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली माणसं मला अजिबात वेडी वाटली नाहीत. कुणी नाटक मधूनच लावलं होतं, त्यामुळे सुरुवातीची घोषणा हुकलेली. कुणी खिडकीतून बाहेर बघून खात्री करत होतं, कुणी दुसरं स्टेशन लावून. महिनाभर आधीच युरोपात युद्ध होता होता टळलं होतं. चालू कार्यक्रम थांबवून बातमी येते आणि ती खरी असते, हे त्या महिन्यात रेडिओनंच त्यांना शिकवलं होतं. आणि देशभर घबराट माजल्याचे मथळे दुसऱ्या दिवशी छापले ते वर्तमानपत्रांनी, ज्यांच्या जाहिराती त्या काळात रेडिओकडे वळत होत्या.

तपासून झाल्यावर मला वाईट वाटलं ते माझं. इतकी वर्षं ही गोष्ट मला का आवडत होती? डेव्हिसन नावाच्या अभ्यासकाचा १९८३ चा एक लेख आहे, त्यानं याला 'तिसऱ्या व्यक्तीवरचा परिणाम' म्हटलं. माध्यमांचा परिणाम माझ्यावर होत नाही, तुझ्यावर फारसा नाही, पण 'त्यां'च्यावर मात्र भयंकर होतो, असं प्रत्येकाला वाटतं. आणि मग या 'त्यां'च्या काळजीपोटी निर्णय घेतले जातात. कथेची चर्चा करताना आम्ही विद्यार्थीही किती सहज म्हणतो, "लोकांना हे कळणार नाही", "लोकांना असंच लागतं." हे लोक कोण, त्यांच्यापैकी एकाला तरी भेटून विचारलंय का, असं मॅडम दरवेळी विचारायच्या. दरवेळी खोली गप्प व्हायची.

दुसऱ्या वर्षी त्यांनी ते विचारायलाच पाठवलं. एका माणसाच्या घरी जायचं, तो रोज जे बघतो ते त्याच्याबरोबर बघायचं, आणि पडद्यापेक्षा त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. १९८० च्या आसपास डोरोथी हॉब्सन या ब्रिटिश संशोधक बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्या कामाच्या गडबडीत त्यांच्याबरोबर मालिका बघत असत, ते वाचायला दिलं होतं. मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्या घरी शिवणकाम करतात. संध्याकाळच्या तीन मालिका त्यांच्या ठरलेल्या.

मला वाटलं होतं आम्ही दोघी समोर बसून बघू. काकूंचं मशीन होतं खिडकीशी, टीव्ही त्यांच्या पाठीमागे. मालिका सुरू झाली, काकूंनी मशीनचं पायडल मारलं, आणि मी वही उघडून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. पहिल्या मालिकेच्या अर्ध्या तासात त्यांनी मान वळवली ती चार वेळा. त्या चारही वेळा मी लिहून ठेवल्या, कारण मला त्यांचा काही मेळ लागेना. ढोल-ताशांसारखं पार्श्वसंगीत वाजत होतं, कॅमेरा एकेका चेहऱ्यावर तीन तीनदा आदळत होता, तेव्हा मशीन आपलं चालूच. आणि मधेच कसलंही संगीत नसताना, दोन पात्रं नुसती समोरासमोर उभी असताना, काकूंचा पाय थांबला. त्यांनी मान वळवून बघितलं.

"काकू, आत्ता का थांबलात?"

"गप्प झाले ना ते."

"पण मघाशी एवढा मोठा प्रसंग झाला, तेव्हा नाही बघितलंत?"

"अगं, म्युझिक सुरू झालं की मला कळतं, आता कुणी काही बोलणार नाही, नुसते चेहरे दाखवणार. तेवढ्यात माझी एक शिवण होते." त्यांनी दातानं दोरा तोडला. "गप्प झाले की मात्र बघावं लागतं. गप्प बसलेल्या माणसाचं काय चाललंय ते ऐकू नाही येत."

मी पुस्तकी प्रश्नांची यादी घेऊन गेले होते. ती मिटून पिशवीत टाकली. मालिका करणाऱ्यांनी बघण्यासाठी जिथे सगळ्यात जास्त जोर लावला होता, तिथे काकू शिवण घालत होत्या. जिथे त्यांनी हात आखडता घेतला होता, तिथे त्या वळून बघत होत्या. प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत काकू म्हणजे टीव्ही चालू असलेलं एक घर, सलग अर्धा तास. त्या घरात मशीन कधी थांबलं, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

त्यानंतर स्टुअर्ट हॉल हे ब्रिटिश माध्यम-अभ्यासक वाचले. बर्मिंगहॅममध्ये १९७३ साली त्यांनी मांडलं की अर्थ घालणं आणि अर्थ काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. बघणारा सांगणाऱ्याचं म्हणणं तसंच्या तसं घेईल, थोडं घेऊन थोडं स्वतःचं मिसळेल, किंवा सरळ उलट वाचेल. परीक्षेत या तीन प्रकारांवर हमखास प्रश्न येतो. काकू मला तिन्हींत बसवता आल्या नाहीत, आणि मी तसं उत्तरपत्रिकेत लिहिलं. लीब्स आणि कॅट्झ यांचं काम मला जास्त जवळचं वाटलं. त्यांनी इस्रायलमध्ये वेगवेगळ्या समाजांतल्या मित्रमंडळींना त्यांच्याच घरी बसवून तेलसम्राटांच्या घराण्यावरची एक अमेरिकन मालिका दाखवली आणि म्हटलं, आता हा भाग न बघितलेल्या माणसाला सांगा. अरब आणि मोरोक्कोहून आलेल्या गटांनी कथानक क्रमानं सांगितलं, कुणाच्या पोटी कोण, कुणाचं कुणाशी वाकडं. रशियातून आलेल्यांनी कथा जवळजवळ बाजूला ठेवली आणि ही मालिका आपल्या गळी काय उतरवू बघते यावर ते बोलत राहिले. भाग एकच होता. मला त्यातला प्रश्न फार आवडला. "कळलं का?" किंवा "आवडलं का?" असं त्यांनी विचारलं नाही. "सांगा" म्हटलं. बघणाऱ्याला गोष्ट सांगायला लावली की तो स्वतः सांगणारा होतो, आणि मग त्याच्या हाती काय लागलंय ते दिसतं.

आपल्याकडे हा विचार किती जुना आहे ते मला फार उशिरा समजलं. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीवर आहे. प्रयोग साधला हे ओळखायचं कसं? भरतमुनी प्रेक्षकांकडे बघायला सांगतात. मॅडमनी मला स्टुलावर बसवलं ना, अगदी तसं. स्मित, हसू, मोठ्यानं हसणं, "वा", "अरेरे", अंगावर काटा येणं, जागेवरून उठणं, अंगावरची वस्त्रं आणि अंगठ्या भेट म्हणून टाकणं, अशी बारीक यादी दिली आहे. ही सगळी मानुषी सिद्धी. तिच्यावर दैवी सिद्धी. तिचं लक्षण असं की रंगमंडप भरलेला असतो आणि आवाज नसतो, चलबिचल नसते. हे वाचलं आणि मला काकूंचं थांबलेलं मशीन आठवलं. 'सहृदय' हा शब्द आपण समीक्षेत घासून गुळगुळीत केला आहे, पण मुळात त्याचा अर्थ सांगणाऱ्यासारखंच हृदय असलेला, म्हणजे तो बघणाऱ्याला सांगणाऱ्याच्या बरोबरीनं बसवतो. एकाच प्रेक्षकात सगळे गुण नसतात, तरुणांना एक रुचतं आणि वृद्धांना दुसरं, हेही भरतमुनींनी नोंदवून ठेवलंय.

माझी फिल्म इंटरनेटवर टाकली तेव्हा मला एक आलेख मिळाला. कोणत्या सेकंदाला किती जण अजून बघत होते ते दाखवणारी रेषा. तिसऱ्या "मला या कामाची गरज आहे" पाशी ती रेषा खाली येते. त्या अकरा सेकंदांत लोक निघून जातात. वर्गातल्या एकानं सल्ला दिला, चार सेकंद कर, रेषा सरळ होईल. होईलही. पण निघून गेलेल्यांतले कंटाळून किती गेले आणि बघवेना म्हणून किती गेले, ते रेषेत नाही. ज्याला बघवलं नाही तो कदाचित माझा सगळ्यात जवळचा प्रेक्षक असेल, आणि आलेखात तो गमावलेला. आता तर शिकवतानाच सांगतात की पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडा. हा 'पकडा' शब्द मला सोसत नाही. ज्याच्याशी बोलायचंय त्याला पकडायचं कशाला?

हसणाऱ्या माणसाला मी शेवटी शोधून काढलं. वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील निघाले. मुलीची फिल्म बघायला आले होते, माझी तिच्यानंतर लागली म्हणून थांबले. मी फोन केला, माझी फिल्म आठवते का विचारलं, आणि एकदा भेटायची परवानगी मागितली. का हसलात, असं फोनवर विचारायचं नाही हे ठरवलं होतं. भेटल्यावर मी लीब्स आणि कॅट्झ यांचाच मार्ग धरला. "काका, ती फिल्म मला सांगाल? मी बघितलेलीच नाही असं समजून."

काका जरा विचार करून बोलायला लागले. एक माणूस असतो, त्याची नोकरी गेलेली असते. घरी अजून कुणाला सांगितलेलं नसतं.

मी थबकले. हे माझ्या फिल्ममध्ये नव्हतं. नोकरी गेल्याचं घरी माहीत आहे की नाही, याबद्दल मी काहीच दाखवलं नव्हतं, खरं तर विचारही केला नव्हता. घरात दुसरं कुणी दिसतच नाही. काका मात्र बोलत होते. तो रोजच्या वेळेला तयार होतो, रोजच्यासारखा निघतो. बाथरूममध्येच काय ती बोलायची सोय. आणि एवढं बोलून काका थांबले, मग म्हणाले, "बाळा, मी तेव्हा हसलो ते तुला लागलं असणार."

मी नाही म्हटलं नाही.

"मी पण असाच उभा राहायचो. दोन महिने. अगदी तसाच, हात बेसिनवर टेकून. कुणीतरी माझं बघितल्यासारखं झालं एकदम, आणि हसूच फुटलं." त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकवून दाखवले. "फक्त मी नळ सोडायचो. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

परत आल्यावर मी टाइमलाइन उघडली. पूर्ण सात मिनिटांत बाथरूममध्ये पाण्याचा आवाज नाही. माझा माणूस इतका मोकळ्यानं बोलतो की जणू घरात तो एकटाच आहे. नळ सोडला की सगळंच बदलतं. दाराबाहेर कुणीतरी आहे हे एकही शॉट न वाढवता कळतं. त्याला पाण्याच्या आवाजाच्या वर ऐकू येईल आणि दाराबाहेर जाणार नाही, इतक्याच आवाजात बोलावं लागतं. मी वाहत्या पाण्याचा आवाज रेकॉर्ड केला, ट्रॅकवर ठेवला, आणि मग हात थांबला. हा नळ माझा नव्हता. दोन महिने ज्यानं घरातल्यांपासून लपवलं त्यानं तो मला, बोलण्याच्या ओघात, एका वाक्यात दिला होता. काकांच्या मुलीला तरी हे माहीत होतं का, कोण जाणे. गोष्ट ऐकणं आणि गोष्ट घेणं यांच्यामधला फरक आम्हाला कुठल्या पेपरात नाही, निदान मला तरी भेटला नाही.

म्हणून पुन्हा गेले. लॅपटॉप घेऊन गेले, हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि नळाचा आवाज घातलेला तो एवढाच तुकडा दाखवला. म्हटलं, "काका, तुम्ही नको म्हणालात तर मी काढून टाकीन. कुणाचं आहे ते कुणालाही कळणार नाही, पण तुम्हाला कळेल."

त्यांनी तुकडा दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना डोळे मिटले होते. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"ठेव," ते म्हणाले. "पण नळ एवढा सोडू नकोस. एवढा सोडला तर बाहेरून विचारतात, पाणी का वाहतंय. बारीक धार सोडायची. आवाजापुरती."

मी वहीत लिहून घेतलं.